राखून ठेवलेली सत्त्याण्णव मतं

सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी तालुक्यातल्या बेचाळीस ग्रामपंचायतींचे निकाल लागले, म्हणजे एकेचाळीस लागले. नवी यंत्रं आल्यापासून मोजणी हा प्रकारच उरला नव्हता. साहेबाने कळ दाबायची, आकडे पडद्यावर. एकेचाळीस गावांसमोर नावं आली, गुलाल उधळला गेला. बेचाळिसाव्या ओळीत, करंजखारसमोर, दोनच शब्द होते : राखून ठेवला.

करंजखारच्या मिठागरपाड्यातली माणसं समाजमंदिरात दाटीवाटीने बसली होती. सगळ्यांच्या पुढे, पडद्याला नाक लावून, प्रणाली गावंड उभी होती. पाड्याची आशाताई. वय एक्केचाळीस. माहेर पनवेलचं, त्यामुळे बोलणं शहरी आणि आवाज तिन्ही गल्ल्यांत पोचेल असा.

"राखून ठेवला म्हंजे? कोनासाठी राखलाय?" मागून हसुरामने विचारलं. हसुराम चौसष्ट वर्षांचा, त्यातली पन्नास त्याने आगरात मीठ ओढण्यात घालवलेली. कशाचीही थट्टा केल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे.

"थांबा काका, वाचू द्या."

खाली बारीक अक्षरांत कारण होतं. 'केंद्र क्रमांक तीन. मतदान ११८. दाबाखालील मतं ९७. चौकशी होईपर्यंत निकाल राखून ठेवण्यात येत आहे.'

प्रणालीने ते दोनदा वाचलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. केंद्र क्रमांक तीन म्हणजे हा पाडा. या एकशे अठरा जणांची नावं यादीत आणायला तिने चार वर्षं घातली होती. उधाणात एकदा निम्मा पाडा वाहून गेला, तेव्हा कुणी शहाण्याने पत्तेच अस्तित्वात नाहीत म्हणून नावं कापली होती. अर्ज, पंचनामे, शपथपत्रं, पुन्हा अर्ज. मतदानाच्या दिवशी तिने दोन ट्रॅक्टर मागवले, लकव्याच्या आत्माराम ठाकूरला खुर्चीसकट उचलून नेलं. आणि आता एक यंत्र म्हणत होतं की ही मतं दाबाखाली दिली गेली!

यंत्राचं नाव 'निर्भय'. कल्पना चांगली होती, नाही कशाला म्हणायचं? मतदान गुप्त असलं तरी धमकी घरीच दिली जाते आणि माणूस ती धमकी घेऊनच कळ दाबतो, हे दुखणं जुनं. त्यावर कुणा हुशार लोकांनी तोडगा काढला. मतदाराने उजवा तळहात एका काचेवर ठेवायचा आणि डाव्या बोटाने कळ दाबायची. माणूस घाबरला की तळहाताला घाम सुटतो, बऱ्याचदा त्याला स्वतःला कळायच्या आधी. घामात क्षार असतात आणि क्षारांमुळे कातडीवरून वीज सहज वाहते. यंत्र काचेतून जाणवणारही नाही इतका हलका प्रवाह सोडतं आणि दोन मिनिटांत तो किती वाढत गेला ते बघतं. सोबत लाल उजेडाने नाडीही मोजतं. पण नाडी काय, जिना चढून आलेल्याचीही वाढते. म्हणून खरा साक्षीदार घाम. प्रवाह चढत गेला की यंत्र समजतं, हा माणूस भ्यालेला आहे. त्याचं मत रद्द होत नाही, कुलूपबंद करून बाजूला ठेवलं जातं. अशी मतं थोडी असली तर प्रश्न नाही. फार झाली, तर चौकशी संपेपर्यंत साऱ्या गावाची पेटी बंद.

"ह्यो काय नवीन ताप," हसुराम म्हणाला. "मी भ्यालो? माज्या लग्नात पन मी भ्यालो नव्हतो."

लोक हसले. प्रणाली हसली नाही.

*

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसता वैताग होता.

दीप्ती मोकल सरपंच म्हणून निवडून आली तर बाहेरकाठा दुरुस्त होणार होता. बाहेरकाठा म्हणजे समुद्राला आगरात आणि पाड्यात शिरू न देणारा मातीचा बांध. त्याला तीन ठिकाणी भगदाडं पडली होती. समोर उभे होते केसरीनाथ घरत. त्यांचं म्हणणं, बांधाचा नाद सोडा, पाडा उचलून वर हायवेलगत न्या, प्लॉट आखून तयार आहेत. घरतांना आगराची जमीन गोदामांसाठी हवी होती हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. ज्येष्ठातल्या मोठ्या उधाणाच्या आत बांधाचा ठराव झाला नाही, तर यंदा पाडा पाण्यात, हे प्रणालीचं साधं गणित होतं. आणि निकाल नाही तर सरपंच नाही, सरपंच नाही तर ठराव कसला?

रोज सकाळी दारात माणसं यायची. "प्रनाली, लागला का गो?" नाही लागला. दुपारी परत. शेवटी तिने समाजमंदिराच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवायला सुरुवात केली, 'आज निकाल नाही.' तारीख तेवढी रोज बदलायची. सतराव्या दिवशी कुणीतरी खाली लिहिलं, 'उद्या पण नाही.' तिने ते पुसलं नाही, कारण ते खरं होतं.

तक्रारीचा एक फोन नंबर होता. तो उचलायचा एक गोड यांत्रिक आवाज. "प्रणालीजी, आपली अस्वस्थता मी समजू शकते. आपण दीर्घ श्वास घेऊ या का?"

"मला श्वास नको, तारीख हवी आहे!"

"आपला आवाज चढलेला जाणवतो. हा संवाद आपण शांत झाल्यावर पुढे नेऊ." आणि फोन बंद. दिवसातून तीनदा हाच खेळ. तालुक्याच्या कचेरीत गेली तर तिथल्यांनी काखा वर केल्या. जिल्ह्याला जा म्हणाले. जिल्ह्याने सांगितलं, निरीक्षक गावातच येतील. कधी? तर कळवू.

तरीही तिने हात टेकले नाहीत. संध्याकाळी सगळ्यांना समाजमंदिरात बसवायची, कोणता कागद कुठे अडला आहे ते सांगायची. गावच्या रस्त्यालगतच्या वस्तीतले लोक पाड्यावर खार खाऊन होते, तुमच्यापायी आमचा निकाल अडला म्हणत होते. बाजारात बायकांना टोमणे बसत. "आपण काही गुन्हा केलेला नाही, मान वर करून जायचं," असं ती प्रत्येकीला बजावायची.

तेविसाव्या दिवशी नोटीस आली. सत्त्याण्णवच्या सत्त्याण्णव मतदारांना केंद्रावर आणणारी व्यक्ती एकच, 'मदतनीस श्रीमती प्रणाली जयवंत गावंड'. सबब, दाबाचा उगम सदर व्यक्ती असण्याची शक्यता तपासण्यात येईल.

 तिने नोटीस सासूपुढे धरली. "बघा आई! ज्यांच्यासाठी मरमर मेले, त्यांना म्हणे मी भीती घातली!"

गोमीबाय तांदूळ निवडत होती. पासष्ट वर्षांची, किरकोळ, कमी बोलणारी. सून आली त्या दिवसापासून तिने घरात आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिने नोटिशीकडे बघितलं, वाचता येत नव्हतं तरी बघितलं.

"काय बोलाचं आता," ती म्हणाली आणि सुपातला खडा काढून बाजूला टाकला.

नवरा जयवंत जहाजावर होता, चार महिन्यांनी येणार होता. प्रणालीला त्या दिवशी घरात फार एकटं वाटलं.

*

उत्तर सापडलं ते रक्तदाबाच्या फेरीत. आरोग्यकेंद्राने आशाताईंना एक तळहातपट्टी दिली होती. रुग्णाने ती मुठीत धरायची. मनावर ताण किती आहे ते कळतं, त्यावरून डॉक्टर गोळीचं प्रमाण ठरवतात. प्रणाली थेट आगरातच गेली. हसुराम कामावरून उठून आला, पंच्याने कपाळ पुसलं आणि पट्टी धरली. हातात पट्टी आणि तोंडाने आत्माराम ठाकूरच्या म्हशीची गोष्ट. स्वतःच सांगत होता, स्वतःच हसत होता.

आणि पट्टीवरचा काटा चढत चालला होता. तीस, चाळीस, साठ. पट्टीच्या मते हसुराम त्या क्षणी वाघाच्या तोंडात उभा होता.

"काका, तुम्हाला कसली भीती वाटते आहे?"

"भीती? मना? म्हस पान्यात बसली त्याची मना कनाला भीती?"

प्रणालीने त्याच्या हाताकडे बघितलं. तळव्याच्या रेषांत पांढरं साचलेलं. तिने बाटलीतलं पाणी त्याच्या हातावर ओतलं, साबण लावून दोनदा धुतलं, कोरडं केलं, पुन्हा पट्टी दिली. काटा बारावर येऊन बसला. हसुराम अजून म्हशीवरच होता.

मीठ! तिला त्याच जागी ओरडावंसं वाटलं. आगरातलं मीठ दुकानातल्यासारखं शुद्ध नसतं. त्यात समुद्राचे इतर क्षार असतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. कोरडा दिसणारा तळवा काचेवर टेकला की ऊब लागून तो थर विरघळू लागतो आणि प्रवाह हळूहळू चढत जातो, अगदी भ्यालेल्या माणसासारखा. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनी ते शहरातल्या कचेऱ्यांत तपासलं असणार. तिथे कोणाच्या हाताला मीठ?

ती उड्या मारतच निघाली आणि बांधावर मध्येच थबकली. मतदानाच्या दिवशी आगर बंद होतं. कायद्यानेच सुट्टी होती. मग त्या दिवशी लोकांच्या हाताला मीठ आलं कुठून?

कुठून आलं ते तिला चांगलं माहीत होतं. तिनेच आणलं होतं.

करंजखारमध्ये हंगाम सुरू होताना मिठाची आण घ्यायची चाल होती. ताटात ओलं मीठ, त्यावर उजवा तळवा दाबायचा, वचन बोलायचं आणि ते वचन पुरं होईपर्यंत हात धुवायचा नाही. घरतांच्या माणसांनी पाड्यात जेवणावळी उठवल्या, तेव्हा प्रणालीला ही चाल आठवली. मतदानाच्या सकाळी तिने समाजमंदिरात ताट मांडलं आणि ट्रॅक्टरमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला आण घ्यायला लावली : माझं मत माझ्या मनानं. कोनाच्या भीतीनं नाय, कोनाच्या उपकारानं नाय. केंद्रावर शिपायाने सगळ्यांचे हात कोरड्या फडक्याने पुसले होते, पण कोरड्या फडक्याने मीठ जातं होय? जे एकवीस जण बंदरावरच्या पाळीतून परस्पर मतदानाला आले, त्यांनी आण घेतली नव्हती. त्यांचीच मतं सुटली होती.

लोकांनी निर्भयपणे मत द्यावं म्हणून घेतलेली आण यंत्राने भीती म्हणून वाचली होती. हसावं की रडावं? त्यात आणखी एक मेख होती. शपथ घालून मत मागणं हा नव्या कायद्यात दाबच होता. खरं सांगावं तर मतं कायमची बाद होण्याचा धोका, आणि गप्प बसावं तर निकाल कुजत पडणार. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही.

*

निरीक्षक सौमित्र उखळकर तिशीचा होता, नम्र होता आणि शाळेच्या बाकावर बसायला स्वतःची उशी घेऊन आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मीठ कामाचं होतं?" त्याने विचारलं. "आगरात रोज हात घालतात, धुतलं तरी राहत असेल."

त्याने न मागता पळवाट पुढे केली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. प्रणालीने खिडकीबाहेर बघितलं. सत्त्याण्णव माणसं उन्हात रांगेने उभी होती, तिने सांगितलं म्हणून.

"नाही," ती म्हणाली. "आगर बंद होतं. मीठ मी आणलं होतं." आणि तिने आण, ताट, शब्द, सगळं सांगून टाकलं.

उखळकरने लिहिणं थांबवलं. "शब्द पुन्हा सांगा, ताई." तिने सांगितले. "यात कोणाला मत द्या असं कुठे आहे?"

"नव्हतंच. मी कधी कोणाला सांगितलं नाही, याला द्या, त्याला द्या."

"मग ही आण दाबाची की मोकळेपणाची, ते यंत्रालाच विचारू. हात धुऊन."

शाळेच्या पडवीत बादल्या मांडल्या, साबण ठेवला. रांगेतल्या बायका खिदळायला लागल्या. "हात धुवून काय, जेवायला बसवताव काय सायब?" एकेकाने आत जायचं, काचेवर हात ठेवायचा आणि एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं : मत तुम्ही तुमच्या मनाने दिलंत का? हिरवा दिवा लागला की त्याचं मत मोकळं. प्रणाली मदतनीस म्हणून उखळकरच्या शेजारी उभी होती, नावं पुकारत होती.

हिरवा. हिरवा. हसुराम, हिरवा. "बगलास सायब? वाघ हाय वाघ." हिरवा. आत्माराम खुर्चीसकट, हिरवा. प्रणालीच्या छातीवरचं ओझं एकेका दिव्यागणिक उतरत होतं.

सदतिसावी बामीबाय. लाल.

"हात नीट धुतला नसेल," प्रणाली म्हणाली. पुन्हा धुतला. लाल. पुढे आणखी एक लाल, मग पाच-सहा हिरवे, मग पुन्हा लाल. अठ्ठ्याऐंशी हिरवे आणि आठ लाल झाले तेव्हा रांगेत एकच जण उरली होती. गोमीबाय.

तिने पदराला हात पुसला आणि काचेवर ठेवला.

"आजी, मत तुमच्या मनाने दिलंत का?"

 गोमीबायने एकदा सुनेकडे बघितलं आणि मान खाली घातली. दिवा लाल झाला.

"आई, घाबरू नका ना! खरं काय ते बोला. बोला की!" प्रणाली म्हणाली.

लाल दिवा आणखी प्रखर झाला. उखळकरने त्या दिव्याकडे बघितलं. मग अवघडून म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बाहेर जाता?"

"मी?"

"दोन मिनिटं."

ती पडवीत आली. जाळीच्या खिडकीतून आतलं दिसत होतं. ती नजरेआड झाली तशी गोमीबायने खांदे सैल सोडले. दिवा पिवळा झाला. मग हिरवा. उखळकरने दाराकडे हाक मारली, "या आत." प्रणालीने उंबरठ्यावर पाय ठेवला मात्र, दिवा परत लाल.

ती जागच्या जागी उभी राहिली. यंत्र बिघडलेलं नव्हतं. उरलेली आठ नावं तिने मनात घेतली : बामीबाय, तिची जाऊ, कुसुम, ठमीबाय... सगळ्या तिच्या गोळ्यांच्या यादीतल्या. ज्यांच्या घरी ती रोज जायची, ज्यांनी गोळी चुकवली तर ती गल्ली ऐकेल असं ओरडायची, ज्यांना दवाखान्यात हाताला धरून न्यायची. ज्यांच्यासाठी तिने सर्वांत जास्त केलं होतं, त्या नऊ जणी तिला भीत होत्या.

उखळकरने कागद पुरा केला. अठ्ठ्याऐंशी मतं मोकळी. नऊ जणींचं परवा फेरमतदान. त्या नऊ मतांसकट सगळी पेटी एकदम उघडेल. "आणि ताई," तो चष्मा पुसत म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी केंद्रापासून अर्धा किलोमीटर लांब राहायचं. आणि मधल्या काळात त्यांच्याशी या विषयावर बोलायचं नाही. तसा नियमच आहे."

*

ते दोन दिवस घरात सासूसुना मीठ-तिखटापलीकडे बोलल्या नाहीत. प्रणालीच्या मनात राग मावत नव्हता. मी काय वाघीण आहे? मी कधी हात उगारला? रक्तदाब वाढून पडली होतीस म्हातारे, तेव्हा कोण धावलं होतं? भाकरी थापताना ती प्रत्येक भाकरीला नको इतकी थापटत होती. फेरमतदानाच्या दिवशी नऊ जणी आपल्या आपण चालत गेल्या, ट्रॅक्टरशिवाय. ती बाहेरकाठ्यावर जाऊन बसली आणि भगदाडातून आत येणारं पाणी बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी, मतदानानंतर एकेचाळिसाव्या दिवशी, पेटी उघडली. दीप्ती मोकल चारशे दोन. केसरीनाथ घरत चारशे सात.

निकाल फोनवर येऊन दहा मिनिटं झाली नसतील तोच दीप्ती मोकल दारात हजर. हातात छापील अर्ज. "पाच मतांनी! नऊ जणींचं फेरमतदान झालं आणि पाच मतांनी! घरतांची माणसं वाटेत उभी असणार. तू मदतनीस आहेस, हरकत तूच घेऊ शकतेस. सही कर. आणखी तीन महिने तरी निकाल राखून राहील, तोवर मी वरून बांधाचं काम मंजूर करून आणते."

"उभी होती का पण त्यांची माणसं?"

"असतीलच की. विचारतेस काय?"

प्रणालीने अर्ज घेतला. सही करायचीच होती तिला. चार वर्षं आणि एकेचाळीस दिवस असे पाण्यात जाऊ द्यायचे? पेन शोधत ती आत आली. गोमीबाय चुलीपाशी मासे साफ करत होती. प्रणाली तिच्या अंगावरून पुढे गेली, आणि मागे वळली. नियम आता संपला होता.

"आई, तुम्ही घरतांना दिलंत?"

गोमीबायचा हात थांबला. तिने हातातली कोयती बाजूला ठेवली, सुनेपासून थोडी लांब सरकली. प्रणालीने ते सरकणं बघितलं. ती पटकन खाली, जमिनीवर बसली आणि आवाज शक्य तितका खाली आणून म्हणाली, "मी ओरडणार नाही. खरंच नाही."

गोमीबायने नजर माशांवरच ठेवली. "तो घरत जमीन खानार हाय, ते मना पन म्हाईत हाय," ती म्हणाली. "पन बांध बांधला काय, फुटला काय. चालीस वर्सं झाली. उधान आलं का गडी आगरावं जातान, बांधावं जातान. घरात कोन असतं? आमी. गुडघाभर पानी, चूल पान्यात, पोर काखंत, आन आमी टोपानं पानी उपसताव. पाठ जेली माजी. मना वर जायाचंय. सुक्या जाग्यात निजायचंय मना."

"बामीबायलापण?"

"समद्यांना."

"मग मला सांगितलं का नाही?"

गोमीबायने पहिल्यांदा सुनेच्या डोळ्यांत बघितलं. "तू इचारलंस कवा? तू येयाचीस, गोली देयाचीस, आन सांगाचीस, बांध र्‍हायला पायजे. बांध र्‍हायला पायजे. तू येवरा करतंस आमचं. तुना नाय कसं बोलाचं?"

 बांध फुटला तर पाडा जाणार, हे प्रणालीचं गणित चुकलेलं नव्हतं. घरत आगर गिळणार, हेही खरंच होतं. फक्त त्या गणितात पाणी उपसणारी बाई कुठे नव्हती, आणि ती बाई बावीस वर्षं तिच्याच घरात राहत होती. तिला रडू आलं, आणि रडू येतंय याचा रागही आला.

ती उठली. दारात दीप्ती घड्याळ बघत होती. प्रणालीने अर्ज तिच्या हातात दिला.

"सही?"

"नाही करत."

"वेडी झालीस? आपण हरलो, कळतंय का तुला?"

"कळतंय," प्रणाली म्हणाली. दीप्ती तणतणत निघून गेली.

मग ती समाजमंदिराकडे निघाली. फळ्यावर निकाल लिहायचा राहिला होता. हातात खडू घेतला, आकडे लिहिले. खाली काय लिहावं ते तिला कळेना, म्हणून तेवढेच ठेवले.

हसुराम पायरीवर बसला होता. त्याला आकडे वाचता येत होते, नावं नाही. "लागला काय गो शेवटी? काय झालं मंग, आपन जिकलो का हरलो?"

एरवी तिने चटकन उत्तर दिलं असतं. तिचं तोंड उघडलंही. पण 'आपण' म्हणजे कोण, ते तिला आता सांगता येईना. ती त्याच्या खालच्या पायरीवर बसली.

"मत कुणाला दिलंत ते सांगू नका, काका," ती म्हणाली. "पण तुम्हाला काय हवं होतं?"

हसुरामने तिच्याकडे निरखून बघितलं. या वेळी त्याने थट्टा केली नाही. आगराकडे एकवार नजर टाकून त्याने घसा साफ केला.

"येल लागंल सांगाला," तो म्हणाला. "बसशील?"

"बसते," प्रणाली म्हणाली.